मुलाला टाइप १ मधुमेह निघाल्यावरचा पहिला महिना : काय करावे आणि कोणत्या क्रमाने

मुलाला टाइप १ मधुमेह आहे असे कळले की बहुतेक घरांत पहिली धाड स्वयंपाकघरावर पडते. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, भात बंद होतो, आजी लाडवांचा डबा लपवते आणि शेजारून कारल्याच्या रसाची कृती येते. त्याच घरात इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून उभी असते, आणि सिरिंज त्या बाटलीशी जुळते की नाही हे कोणीच पाहिलेले नसते. पहिल्या महिन्यात मुलाला मोठा धोका असतो तो चुकलेल्या इन्सुलिनचा आणि रक्तातल्या, वेळेत न ओळखलेल्या उतरलेल्या साखरेचा. लाडवाचा क्रमांक त्यानंतर लागतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांत ताट सातव्या क्रमांकावर आहे, आणि ते मुद्दाम तिथे ठेवले आहे.

टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते बाहेरून द्यावेच लागते. पथ्य, व्यायाम किंवा गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. घरातल्या काकांना किंवा आजोबांना असलेला मधुमेह बहुधा टाइप २ असतो, त्यामुळे त्यांचे अनुभव कितीही कळकळीने सांगितले तरी मुलाला लागू पडत नाहीत. इंजेक्शन किती युनिटांचे आणि कधी द्यायचे, हे तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिले असेल तेच अंतिम धरावे.

## पायरी १ : रुग्णालयातून निघण्यापूर्वी

घरी सोडण्याची घाई प्रत्येकाला असते. तरीही घरातल्या किमान दोन प्रौढ व्यक्तींनी साखर तपासणे, इन्सुलिन भरणे आणि इंजेक्शन देणे या तिन्ही गोष्टी परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने केल्याशिवाय निघू नये. नुसते पाहिलेले घरी आल्यावर आठवत नाही. एकटी आई शिकली आणि चौथ्या दिवशी तिलाच ताप आला, असे झाल्यास घरात इंजेक्शन देणारे कोणी उरत नाही.

डॉक्टरांकडून एका कागदावर सुवाच्य अक्षरात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात : जेवणाआधीचे आणि दीर्घकाळ काम करणारे अशा दोन्ही इन्सुलिनची नावे आणि त्यांची तीव्रता, प्रत्येक वेळचा डोस, जेवणाच्या किती आधी द्यायचे, साखर किती आली तर फोन करायचा, आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा क्रमांक.

सोबत न्यायचे सामान असे : ग्लुकोमीटर आणि त्याच कंपनीच्या पट्ट्या, बोट टोचण्याच्या सुया, सिरिंज किंवा पेनच्या सुया, प्रत्येक इन्सुलिनची एक जास्तीची बाटली किंवा कार्ट्रिज (पेनमध्ये बसणारी औषधाची नळी), लघवीतील कीटोन (इन्सुलिन कमी पडले की शरीरात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासण्याच्या पट्ट्या आणि ग्लुकोज पावडर. ग्लुकॅगॉनचे (फार उतरलेली साखर तातडीने वाढवणारे) इंजेक्शन प्रत्येक गावात मिळत नाही. ते कुठे मिळेल हे डॉक्टरांना तिथेच विचारावे.

पडताळा : शिकलेल्या दोघांना वेगवेगळे विचारून पाहावे, "रात्री दोन वाजता साखर ५८ आली तर काय करशील?" उत्तरे जुळली नाहीत तर निघण्याआधी पुन्हा शिकून घ्यावे.

## पायरी २ : बाटली आणि सिरिंज यांची जोडी

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि सर्वांत कमी वेळ दिला जातो तोही यालाच.

आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते. १ मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असतील तर ते यू-४० आणि १०० युनिटे असतील तर यू-१००. साध्या (पारदर्शक) आणि दुधाळ (हळू व जास्त वेळ काम करणाऱ्या) इन्सुलिनच्या १० मिलिच्या बाटल्या आपल्याकडे बऱ्याचदा यू-४० असतात. ग्लार्जिन (दिवसभर काम करणारे), लिस्प्रो, अस्पार्ट (जेवणाआधीची, जलद) यांसारखी इन्सुलिने आणि पेनची कार्ट्रिजे साधारणपणे यू-१०० असतात. सिरिंजही त्याप्रमाणे दोन असतात : यू-४० सिरिंजचे टोपण लाल आणि यू-१०० सिरिंजचे नारिंगी. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली हे दोन रंग जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून रंगावर विसंबू नये. सिरिंजच्या नळीवर आणि पाकिटावर छापलेला आकडा वाचावा.

चूक झाली तर काय होते ते पाहा. मुलाला १० युनिटे द्यायची आहेत. बाटली यू-१०० आहे आणि हातात यू-४० सिरिंज आहे. सिरिंज १० च्या रेघेपर्यंत भरली की त्यात पाव मिलि औषध आले, म्हणजे प्रत्यक्षात २५ युनिटे, ठरल्याच्या अडीचपट. २० किलोच्या मुलासाठी हा जिवावर बेतणारा डोस आहे. उलट बाटली यू-४० आणि सिरिंज यू-१०० असेल तर १० च्या रेघेवर फक्त ४ युनिटे जातात. साखर चढत राहते, आणि घरचे लोक मुलाने चोरून काय खाल्ले ते शोधत बसतात.

म्हणून क्रम असा ठेवावा.

१. दुकानात बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचावा, मग सिरिंजवरचा वाचावा, आणि दोन्ही जुळले तरच पैसे द्यावेत. "तीच आहे, फक्त कंपनी वेगळी" असे दुकानदार म्हणाला तरी वाचावे.

२. घरी आल्यावर बाटलीच्या खोक्यावर जाड पेनने "४०" किंवा "१००" लिहावे आणि त्याच आकड्याच्या सिरिंज त्याच डब्यात ठेवाव्यात. दोन तीव्रतांची इन्सुलिने चालू असतील तर दोन वेगळे डबे करावेत.

३. रेघ कितीची आहे हे तपासावे. १ मिलिच्या यू-१०० सिरिंजवर प्रत्येक बारीक रेघ २ युनिटांची असते, तर लहान मापाच्या सिरिंजवर ती १ किंवा अर्ध्या युनिटाची असू शकते. लहान मुलांचे डोस लहान असतात. शक्यतो लहान मापाचीच सिरिंज मागावी.

धोका : पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढून देण्याची सवय लावू नये. पेन बिघडला म्हणून तसे करणे भागच पडले तर सिरिंज यू-१००च हवी, याची आधी खात्री करावी.

## पायरी ३ : इन्सुलिन कुठे ठेवावे

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बंद डब्यात, मागच्या भिंतीपासून दूर. एका दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे सोयीचा वाटतो, पण तिथे इन्सुलिन गोठू शकते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी निकामी झालेले असते आणि ते टाकूनच द्यावे लागते.

वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात बाहेर ठेवता येते आणि बहुतेक इन्सुलिने उघडल्यापासून ४ आठवड्यांत संपवायची असतात. यू-४०ची १० मिलिची बाटली म्हणजे ४०० युनिटे. दिवसाला ८ युनिटे घेणाऱ्या मुलाला ती ५० दिवस पुरेल, म्हणजे २८ दिवसांनंतर उरलेले औषध टाकावे लागेल. जिवावर येते, पण टाकावे. उघडल्याची तारीख बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहावी.

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये बाहेरचे तापमान ३० अंशांवर राहत नाही, आणि भारनियमनात फ्रिजही बंद पडतो. अशा वेळी एका मोठ्या मातीच्या भांड्यात वाळू घालून ती ओली ठेवावी, त्यात मातीचे लहान मडके बसवावे, आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घातलेले इन्सुलिन त्या मडक्यात ठेवावे. हे सर्व सावलीत, वारा खेळेल अशा जागी असावे. कोकणाच्या दमट हवेत पाणी हळू सुकते, त्यामुळे तिथे या मडक्यावर तेवढा भरवसा ठेवू नये.

प्रवासात इन्सुलिन जवळच्या पिशवीत ठेवावे. बसच्या डिकीत, दुचाकीच्या सीटखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. बर्फाच्या पिशवीला ते थेट टेकवू नये.

## पायरी ४ : साखर तपासणे आणि वही

तपासण्यापूर्वी मुलाचे हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. आंब्याच्या दिवसांत एका संध्याकाळी आमच्या मुलीची साखर ३४० आली. सगळे घाबरले, जास्तीचे इन्सुलिन द्यायचे असे ठरत होते, तेवढ्यात तिच्या बोटांना हापूसचा वास येतो आहे हे लक्षात आले. हात धुऊन पुन्हा पाहिले तेव्हा साखर १६२ होती. त्या ३४० वर इन्सुलिन दिले असते तर रात्र कशी गेली असती, हा विचार अजूनही करवत नाही. अनपेक्षित आकडा आला की हात धुऊन दुसरी पट्टी वापरावी, आणि त्यानंतरच काय करायचे ते ठरवावे.

बोटाच्या मधोमध टोचू नये. कडेला टोचावे, तिथे कमी दुखते. बोट दर वेळी बदलावे. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत तिन्ही जेवणांपूर्वी, झोपताना आणि पहाटे दोन-तीनच्या सुमारास साखर पाहावी. पट्ट्या महाग आहेत आणि हा खर्च दर महिन्याचा आहे. इतक्या पट्ट्या परवडत नसतील तर संकोच न करता डॉक्टरांना सांगून वार लावून घ्यावेत : एका दिवशी नाश्त्याआधी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या दोन्ही बाजूंना, याप्रमाणे. आठवडाभर काहीच न पाहता एकदा "उपाशीपोटीची" साखर प्रयोगशाळेतून करून आणण्याचा टाइप १ मध्ये फारसा उपयोग नाही.

मुलांसाठी साधारण ७० ते १८० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; या लेखातले साखरेचे सर्व आकडे याच मापात आहेत) हा पट्टा धरला जातो. तुमच्या मुलासाठी नेमका कोणता, हे डॉक्टर सांगतील. प्रत्येक आकडा त्यात बसणार नाही. आकड्याला "चांगली साखर", "वाईट साखर" म्हणू नये. चढलेली किंवा उतरलेली म्हणावे. साखर चढली म्हणून ओरडा बसू लागला की मुले खोटे आकडे सांगायला शिकतात.

वहीत पाच रकाने पुरतात : वेळ, साखर, इन्सुलिन, खाणे आणि दिलेल्याची सही. सहीचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यात रात्रीचे इंजेक्शन दोघांनीही दिले होते, आणि ती रात्र दर तासाला साखर पाहत, मुलीला खाऊ घालत काढावी लागली.

धोका : इंजेक्शन दिले की नाही याबद्दल शंका असेल तर अंदाजाने पुन्हा देऊ नये. साखर पाहावी आणि डॉक्टरांना विचारावे.

## पायरी ५ : इंजेक्शन

जागा चार : पोट (बेंबीपासून दोन बोटे सोडून), मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, कुल्ल्याचा वरचा-बाहेरचा भाग आणि दंडाची मागची बाजू. जागा रोज थोडी सरकवावी. त्याच ठिकाणी टोचत राहिले की चरबीची मऊ गाठ तयार होते. तिथे दुखत नाही, म्हणून मूल स्वतःच "इथेच दे" म्हणते. पण गाठीतून इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी नाही. आठवड्यातून एकदा बोटांनी चाचपून पाहावे. गाठ सोडून चांगल्या त्वचेवर देऊ लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडू शकतो, त्यामुळे जागा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे.

साधे पारदर्शक आणि दुधाळ, अशी दोन इन्सुलिने एकाच सिरिंजमध्ये घ्यायला सांगितली असतील तर क्रम असा असतो.

१. दुधाळ बाटली तळहातांमध्ये १० ते २० वेळा हळू फिरवावी. हलवून फेस करू नये.
२. जितके दुधाळ घ्यायचे तितकी हवा त्या बाटलीत सोडून सुई बाहेर काढावी.
३. जितके पारदर्शक घ्यायचे तितकी हवा पारदर्शक बाटलीत सोडावी आणि तेवढे औषध भरावे. बुडबुडे टिचकी मारून घालवावेत.
४. मग दुधाळ बाटलीतून एकूण आकड्यापर्यंत भरावे.

आधी पारदर्शक, मग दुधाळ. चौथ्या टप्प्यात चुकून जास्त आले तर ते बाटलीत परत ढकलू नये; सिरिंज रिकामी करून पहिल्यापासून भरावे. ग्लार्जिन कशातही मिसळू नये. ते पारदर्शक असते, त्यामुळे जेवणाच्या इन्सुलिनशी त्याची अदलाबदल होते. दोन्ही पेने पारदर्शक औषधाची असतील तर एकावर रंगीत रबर बांधावे.

सिरिंजने देताना त्वचा चिमटीत धरावी. पेनला दर वेळी नवी सुई लावून आधी २ युनिटे हवेत सोडून पाहावीत. थेंब दिसला की मगच डोस लावावा. खटका दाबल्यावर १० आकडे मोजून सुई काढावी, आणि ती पेनवर तशीच ठेवू नये.

साधे इन्सुलिन जेवणाच्या सुमारे ३० मिनिटे आधी आणि लिस्प्रो किंवा अस्पार्टसारखे जलद इन्सुलिन १० ते १५ मिनिटे आधी दिले जाते. इंजेक्शन दिले आणि कुकरच लावायचा राहिला, असे घरोघरी होते. पोळीचा पहिला घास तयार होण्याइतपत स्वयंपाक झालेला आहे, हे पाहूनच सुई हातात घ्यावी.

वापरलेल्या सुया फिनाइलच्या जाड रिकाम्या बाटलीत टाकाव्यात आणि बाटली भरली की झाकण लावून रुग्णालयात द्यावी. घंटागाडीच्या कचऱ्यात त्या सुट्या टाकू नयेत. त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

## पायरी ६ : साखर उतरली तर

साखर ७० च्या खाली गेली की लगेच उपाय करावा. ५४ च्या खाली ती गंभीर समजावी. लक्षणे अशी : हात थरथरणे, घाम, अचानक भूक, फिकट चेहरा, डोके दुखणे, विनाकारण रडणे किंवा चिडणे. लहान मूल खेळता खेळता एकदम गप्प होऊन बसते. रात्री उशी घामाने भिजते किंवा मूल झोपेत बरळते. मीटर जवळ नसेल तर शोधत बसू नये. आधी साखर द्यावी.

किती द्यावी? मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज. २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम, ३० किलोच्या मुलाला ९, ५० किलोच्या मुलाला १५. रात्री तीन वाजता हा हिशेब कोणालाही जमत नाही, म्हणून तो आधीच करून ठेवावा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्लुकोज पावडर किंवा साखर मोजून वीस पुड्या बांधाव्यात आणि उशाशी, दप्तरात, आजीच्या खोलीत, गाडीत अशा वाटून टाकाव्यात. मुलाचे वजन वाढले की पुड्या नव्याने कराव्यात.

१. एक पुडी थोड्या पाण्यात विरघळवून पाजावी.
२. १५ मिनिटे थांबावे. मुलाला एकटे सोडू नये.
३. पुन्हा तपासावे. अजून ७० च्या खाली असेल तर दुसरी पुडी द्यावी.
४. साखर वर आली आणि जेवणाला वेळ असेल तर अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटे द्यावीत.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, पेढा किंवा चॉकलेट देणे : त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू मिसळते. दुसरी, घाबरून अर्धी वाटी साखर खाऊ घालणे : मग दोन तासांनी आकडा ३५० दाखवतो. तिसरी आणि सर्वांत घातक चूक म्हणजे जेवणाची वेळ झाली म्हणून उतरलेल्या साखरेवरच ठरलेले इन्सुलिन देणे. आधी साखर ७० च्या वर आणावी, मग इन्सुलिन, मग लगेच जेवण.

धोका : मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात पाणी, सरबत, काहीही ओतू नये; ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवावे, ग्लुकॅगॉन असेल तर द्यावे (साधारणपणे २५ किलोखाली अर्धा मिलिग्रॅम, त्यावर १ मिलिग्रॅम) आणि १०८ वर फोन करावा. ग्लुकॅगॉन मिळत नसेल तर त्या वेळी नेमके काय करायचे, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

## पायरी ७ : आता ताट

मुलाचे वजन आणि उंची वाढायची आहे, त्याला पोटभर जेवण हवे. भात, पोळी, भाकरी, फळे यांपैकी काहीही कायमचे बंद करण्याची गरज नसते. त्यात किती कर्बोदके आहेत हे कळण्याची गरज असते. ठरावीक डोसाची पद्धत असेल तर रोज त्या त्या जेवणात कर्बोदके साधारण तेवढीच हवीत. दुधाळ इन्सुलिन चालू असेल तर मधल्या वेळचे खाणेही चुकवू नये, कारण त्याचा जोर त्या वेळेलाच येतो.

"मध्यम पोळी", "एक वाटी भात" या मापांचा उपयोग नाही. प्रत्येक घरची पोळी आणि वाटी वेगळी असते. आपली आपण मोजावी. पिठात, गव्हाचे असो वा ज्वारीचे, १०० ग्रॅममागे ढोबळमानाने ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. ३०० ग्रॅम कणकेच्या दहा पोळ्या झाल्या तर एका पोळीत ३० ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे २० ग्रॅम कर्बोदके. भाताचेही तसेच : १५० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ११७ ग्रॅम कर्बोदके असतात, शिजल्यावर भात ४५० ग्रॅम भरला तर १०० ग्रॅम भातात २६ ग्रॅम. मुलाच्या नेहमीच्या वाटीत किती भात मावतो ते एकदा तोलले की काम झाले. चार-पाच दिवस असे मोजावे, कागद फ्रिजवर लावावा, आणि मग रोज काटा काढायची गरज राहत नाही.

नेहमीच्या गैरसमजांबद्दल थोडक्यात. गूळ आणि मध साखरेइतकेच साखर वाढवतात. "शुगर फ्री" बिस्किटांत मैदा असतोच. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिच्यातली कर्बोदके पोळीइतकीच मोजायची. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यामुळे उपवासाची खिचडी भाताहून हलकी समजू नये. चकलीसारख्या तळलेल्या फराळाने साखर उशिरा, तीन-चार तासांनी चढते. खाल्ल्यावर लगेच आकडा बरा दिसला म्हणून दुसरी वाटी घेऊ नये. पुरणपोळी सणाला सर्वांबरोबर खावी, मोजून आणि इन्सुलिनसह. भावंडांना लाडू आणि याला काकडी, असे केल्यास मूल महिनाभरात चोरून खाऊ लागते, आणि चोरून खाल्लेले वहीत येत नाही.

खेळापूर्वी साखर पाहावी. ९० च्या खाली असेल तर आधी थोडे खायला द्यावे. दिवसभर मैदानात काढल्यानंतर त्या रात्री साखर उतरू शकते. पहाटेची तपासणी त्या दिवशी चुकवू नये.

## पायरी ८ : ताप, उलट्या, जुलाब

"काही खाल्लेच नाही, मग इन्सुलिन कशाला?" हे वाक्य बोलले गेले की समजावे, मुलाला रुग्णालयात न्यायची वेळ जवळ आली. आजारपणात शरीराला बहुधा जास्त इन्सुलिन लागते. डोस कमी-जास्त होईल, पण इन्सुलिन पूर्ण बंद कधीही करू नये.

आजारी मुलाची साखर दर तीन-चार तासांनी पाहावी. ती २५० च्या वर राहिली किंवा उलटी झाली की लघवीतील कीटोन तपासावेत. जुलाब-उलट्यांत साखर कमी असूनही कीटोन वाढू शकतात, म्हणून नुसत्या साखरेवर निर्धास्त होऊ नये. थोडे थोडे पाणी पाजत राहावे. साखर उतरलेली असेल तर ग्लुकोजचे पाणी द्यावे.

लगेच रुग्णालयात न्यावे : कीटोनची पट्टी गडद होणे, पुन्हा पुन्हा उलट्या, पोटात जोरात दुखणे, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी. हा श्वास दमा किंवा न्यूमोनिया वाटू शकतो आणि पोटदुखी अॅसिडिटी वाटू शकते. म्हणून नव्या डॉक्टरांसमोर गेल्यावर पहिले वाक्य "याला टाइप १ मधुमेह आहे" हेच असावे.

## पायरी ९ : साखर आपोआप सुधारू लागली तर

इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत अनेक मुलांची गरज एकदम कमी होते आणि साखर वरचेवर उतरू लागते. स्वादुपिंडातल्या उरलेल्या पेशी काही काळ काम करू लागतात. हा काळ काही आठवडे ते काही महिने टिकतो आणि संपतो. नेमक्या याच वेळी कोणीतरी दिलेला काढा चालू असतो, आणि श्रेय त्याला जाते. डोस कमी करण्यासाठी डॉक्टरांना फोन करावा. इन्सुलिन स्वतःहून थांबवू नये, मग सल्ला देणारे नातेवाईक कितीही वडीलधारे असोत.

## पायरी १० : शाळा

मूल शाळेत परत जाण्याच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना एक पानी पत्र द्यावे. जाडजूड फाइल कोणी वाचत नाही. पत्रात चार गोष्टी हव्यात : साखर उतरल्याची लक्षणे, पुडी कुठे आहे आणि कशी द्यायची, मुलाला वर्गात तपासण्याची, खाण्याची व लघवीला जाण्याची परवानगी, आणि पालकांचे दोन क्रमांक. वर्गशिक्षकांना आणि खेळाच्या शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून सांगावे. रिक्षावाल्या काकांनाही एक पुडी देऊन ठेवावी.

शिक्षकांना एक गोष्ट नक्की सांगावी : साखर उतरलेल्या मुलाला एकटे ऑफिसात किंवा घरी पाठवू नये. त्याला जागेवरच द्यावे.

दुपारचे इंजेक्शन शाळेत द्यायचे असेल तर कोण देणार, कुठे देणार हे ठरल्याशिवाय पूर्ण वेळ पाठवू नये. दहा-अकरा वर्षांचे मूल स्वतः टोचून घेते, पण डोस बरोबर लावला का हे पाहायला मोठे माणूस लागते. सीबीएसईने २०१७ साली दहावी-बारावीच्या परीक्षेत मधुमेही विद्यार्थ्यांना खाऊ आणि साखरेच्या गोळ्या आत नेण्याची मुभा दिली. इतर मंडळांच्या शाळांत परीक्षेच्या बऱ्याच आधी लेखी अर्ज करून ठेवावा.

## पायरी ११ : पुढची भेट

दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) होते. पहिल्या वर्षात थायरॉइड आणि सिलिअॅक (गव्हातले ग्लुटेन न सोसण्याचा आजार) या तपासण्यांबद्दलही विचारावे. भेटीला जाताना वही, वापरातली बाटली, सिरिंज आणि मीटर हे सर्व न्यावे. निघण्यापूर्वी मीटरवरची तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते पाहावे. सेल बदलल्यावर काही मीटरांवर ती बिघडते, आणि मग पहाटेची उतरलेली साखर डॉक्टरांना दुपारची दिसते व डोस भलत्याच वेळचा कमी होतो.